ईदीत पिल्लू देण्याआधी

आमच्या लहानपणी ईदी म्हणजे नाणी. ईदगाहवरून पुरुषमंडळी परतली की आम्ही मुलं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सलाम करत फिरायचो. हातात चार आणे, आठ आणे, फार तर एखादी रुपयाची नोट पडायची. दुपारपर्यंत ती गोळ्या-बिस्किटांत नि फुग्यांत संपायची. देणारा विसरायचा, घेणाराही विसरायचा. त्या ईदीचं ओझं कुणावर राहत नसे.

आता ईदी मोठी झाली आहे. सायकल, घड्याळ, मोबाइल हे तर झालंच. पण अलीकडे ईदीत जिवंत प्राणीही येऊ लागले आहेत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. ईदच्या सुटीनंतर सहावी-सातवीच्या मुलांना 'माझी ईद' या विषयावर दहा-बारा ओळी लिहायला देते. शीरखुर्मा, नवे कपडे, नानीचं घर हे सगळ्यांचं सारखंच असतं. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या ओळींमध्ये पर्शियन मांजर, ससे, लव्हबर्ड, रंगीत कोंबडीची पिल्लं दिसू लागली. एखाद्या वहीत कुत्र्याचं पिल्लूही असतं. मुलं फार मन लावून लिहितात. प्राण्याचं नाव, त्याचा रंग, तो कुठे झोपतो, सगळं.

गेली काही वर्षं रमजान ईद मार्च-एप्रिलमध्ये येते. त्यानंतर परीक्षा, मग उन्हाळ्याची सुटी, मग गावाला जाणं. जूनमध्ये शाळा उघडली की मी सहज विचारते, "काय रे, तुझा ससा कसा आहे?" उत्तरं ठरलेली असतात. "मेला." "खालाला दिला." "मांजराने खाल्ला." "अब्बांनी सोडून दिला." कुठे सोडला, असं विचारलं की मूल गप्प होतं. माझा पुढचा प्रश्न व्याकरणाचा असला तर बरं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

या वर्षी हा विषय माझ्याच घरात आला. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाचा कुवेतहून फोन आला. तरावीह आटोपून तो निवांत बोलत होता.

"बाजी, या वेळी आपाच्या मुलाला अशी ईदी देणार की तो जन्मभर विसरणार नाही. लॅब्रॅडॉरचं पिल्लू! मुंबईत एकाशी बोलून ठेवलंय. विमानतळावरून येताना सोबतच घेऊन येतो. आपाला मात्र सांगू नकोस. सरप्राइज आहे."

त्याच्या आवाजातला आनंद ऐकून मला लगेच काही बोलवेना. त्याची नीयत मला ठाऊक होती. आपाचे यजमान, आमचे दुलाभाई, कतारला असतात. मुलगा अकरा वर्षांचा. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात त्याच्या वयाची मुलं फारशी उरलेली नाहीत. बरीच घरं मुंब्रा-कल्याणकडे गेली. मुलगा शाळेतून येतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. माझा भाऊ एका खोलीत चार जणांसोबत राहतो आणि व्हिडिओ कॉलवर भाच्याचं कपाळ तेवढं बघतो, कारण भाचा बोलता बोलता दुसरंच काही पाहत असतो. परदेशात राहणाऱ्या माणसाला आपण तिथे नाही याची टोचणी असतेच. आपल्या वतीने त्या घरात कुणीतरी धावावं, बागडावं, मुलाच्या अंगाखांद्यावर खेळावं, असं त्याला वाटलं. यात वाईट काहीच नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "आपाला का सांगायचं नाही?"

"सांगितलं तर ती नको म्हणेल."

"मग जिला सांभाळायचंय तिचं 'नको' आपल्याला आधीच ठाऊक आहे. तरी द्यायचं?"

तो म्हणाला, "बाजी, तू प्रत्येक गोष्टीची उत्तरपत्रिका तपासतेस." हे खरं आहे. वीस वर्षांची सवय. पण त्या रात्री मी त्याच्यासोबत फोनवर हिशेब मांडला, तो असा.

लॅब्रॅडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. भाचा आज सहावीत आहे. पिल्लू चार वर्षांचं होईल तेव्हा भाचा दहावीला. सहा वर्षांचं होईल तेव्हा बारावीला. त्यानंतर तो रत्नागिरीला, मुंबईला किंवा पुण्याला शिकायला जाईल. आपल्या गावात कॉलेज नाही. मामू नि अब्बांच्या वाटेने आखातात जाण्याचं वयही त्याच सुमारास येतं. म्हणजे कुत्र्याच्या आयुष्याची मागची निम्मी वर्षं, म्हातारपण आणि आजारपणासकट, ज्याच्यासाठी ते आणलं तो मुलगा घरात नसेल. घरात असेल आपा. आज तिचं वय अठ्ठेचाळीस.

आता आपाचा दिवस बघू. सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यांना वजूचं पाणी द्यावं लागतं. मुलगी बारावीला. दारात कोंबड्या. मागे आंब्याची कलमं. हंगामात पेट्या भरायच्या, माणसांचं जेवण बघायचं, बँक, रेशन, लाइट बिल, सगळं तीच करते. त्यात पिल्लू आलं तर दिवसातून तीन-चार वेळा खाणं, कोवळ्या वयात दर दोन-तीन तासांनी बाहेर नेणं, घरात केलेली घाण पुसणं. कुरतडलेल्या चपला वेगळ्याच. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून लसींचे डोस सुरू होतात, ते तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, नंतर दर वर्षी पुन्हा. जंताचं औषध. पावसाळ्यात गोचीड. मोठं झालं की वजन तीस किलोच्या आसपास, आणि त्या ताकदीच्या जनावराला रोज भरपूर फिरवावं लागतं. सासूबाईंना सोडून आपा कुठे फिरवायला जाणार? आणि दवाखाना? आमच्याकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे तो तालुक्याच्या गावी. रिक्षाने पाऊण तास.

भाऊ म्हणाला, "खर्च मी देईन."

"देशील. पण रात्री दोन वाजता पिल्लू रडलं तर उठायला कुवेतहून येशील का?"

तो हसला, मग गप्प झाला. मीही विषय तिथेच ठेवला, कारण मोठा प्रश्न अजून बाकी होता.

कुत्रा घरात पाळण्याचा मसला आपल्या सगळ्यांच्या मनात असतो, पण आपण तो अर्धवट ऐकलेला असतो. कुणी म्हणतं, कुत्र्याकडे पाहिलं तरी वजू तुटतो, ज्याला काही आधार नाही. कुणी म्हणतं, हे सगळं जुनं झालं, आता सगळेच पाळतात. हदीसमध्ये आलेली गोष्ट साधी आहे: शिकार, गुरांची राखण किंवा शेतीची राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याची परवानगी आहे, निव्वळ हौसेने ठेवला तर रोजच्या सवाबातून घट होते. कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्या मस्लकात कुत्र्याचं ओलं अंग किंवा लाळ कपड्याला, भांड्याला लागली तर सात वेळा धुणं, त्यात एकदा मातीने, असा हुकूम आहे. देशावरच्या हनफी घरांत मुख्य प्रश्न लाळेचा आहे, कोरड्या अंगाच्या स्पर्शाने कपडे नापाक होत नाहीत. तपशील आपापल्या आलिमांना विचारावेत. मी भाषेची शिक्षिका आहे, फतवा देणारी नाही.

पण हाच दीन कुत्र्याबद्दल आणखी काय सांगतो, हेही आपण वाचतो. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्रा आहे, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. आपल्यापैकी कितीजणी दर जुम्म्याला ही सूरह पढतात. सूरह माइदात शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे. आणि बुखारी नि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती प्रसिद्ध हदीस आहे: तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला एका माणसाने विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून वर आणून पाजलं आणि अल्लाहने त्याला माफ केलं. तिथेच ती दुसरीही हदीस आहे, मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची. तिने त्याला खायलाही दिलं नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलंही नाही. पाणी पाजणाऱ्याचा तो कुत्रा पाळलेला नव्हता. बाईचं मांजर मात्र तिच्या ताब्यात होतं. जो जीव आपल्या ताब्यात आहे त्याचा जाब आपल्याला द्यायचा आहे.

आता या सगळ्यात एका पिल्लाचं काय होतं ते पाहा. आपाच्या सासूबाई पक्क्या नमाजी. दिवसभर पडवीत मुसल्ला अंथरलेला. त्या घरात कुत्रा आत येणार नाही, येऊही नये, हे त्यांचं घर आहे. मग तो कुठे राहणार? बाहेर, साखळीला. लॅब्रॅडॉर हे माणसांच्या गर्दीत, माणसांच्या पायाशी राहणारं जनावर. त्याला दिवसभर दारातून माणसं दिसणार आणि एकही जवळ घेणार नाही. मुलगा सुरुवातीला घेईल. मग प्रत्येक वेळी कपडे बदल, हात धू, दादीजवळ जाऊ नकोस, असं ऐकून कंटाळेल. म्हणजे घराच्या तहारतची ओढाताण वेगळी आणि त्या जिवाचे हाल वेगळे. दोघांपैकी कुणाचाच दोष नाही. ज्याने हे घर न पाहता पिल्लू आणलं, त्याने दोघांनाही या पेचात टाकलेलं असतं.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. मागच्या वर्षी आमच्या गावात हे घडलं. मुंबईच्या एका कुटुंबाला चाचांनी ईदीत पिल्लू दिलं होतं. फ्लॅट लहान, शेजाऱ्यांच्या तक्रारी, घरात दम्याचं माणूस. मे महिन्यात आंबे खायला ते गावी आले तेव्हा पिल्लू सोबत आणलं. मुलं त्याच्याशी महिनाभर खेळली. जूनमध्ये पाऊस लागायच्या बेताला सगळे परतले आणि पिल्लू गावच्या बंद घराच्या अंगणात राहिलं. "गावी मोकळी हवा आहे" असं ठरलं. शेजारच्या बाईंना महिन्याला काही पैसे द्यायचे आणि त्यांनी दोन वेळा भात घालायचा. त्या बिचाऱ्या घालत होत्या. पण त्यांना त्याची साखळी सोडायची भीती वाटे, कारण एव्हाना ते दांडगं झालं होतं आणि माणूस दिसलं की अंगावर झेप घ्यायचं, आनंदाने. मुसळधार पावसात ते पत्र्याच्या पागोळ्याखाली भिजत उभं असे. शाळेत जाता-येता मी पाहायची. मी एक गोणपाट टाकलं, आपाच्या मुलाने एक फळी आणून ठेवली. मुंबईला फोनही केला. दिवाळीत नेतो, असं उत्तर मिळालं.

आमच्या भागात बिबट्या नवा नाही. मोकळं कुत्रं निदान पळतं, पडवीखाली घुसतं, दुसऱ्या कुत्र्यांसोबत भुंकतं. बांधलेलं कुठे जाणार? ऑगस्टमधल्या एका रात्री ते गेलं. सकाळी खांबाला साखळी होती आणि साखळीला पट्टा. मुंबईच्या मुलांना घरच्यांनी सांगितलं की ते एका शेतकऱ्याकडे दिलंय आणि मजेत आहे.

ही गोष्ट मी भावाला त्या रात्री सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपाला मीच विचारतो."

दुसऱ्या दिवशी इफ्तारनंतर त्याने तिला फोन केला. आपा काय म्हणाली ते मला तिच्याकडून कळलं. ती रागावली नाही. म्हणाली, "तू विचारलंस ना, तेवढ्याने माझं अर्धं काम झालं. कुत्रा मला नको. पण त्या पोराला कुणीतरी हवं आहे, हे तुझं खरं आहे. तू आलास की बागेत जाऊन मोत्याला बघ."

मोत्या हा आमच्या कलमांच्या बागेतला कुत्रा. गावठी, तांबूस, एक कान फाटलेला. आंब्याच्या हंगामात आमच्याकडे बऱ्याच बागांत राखणीला नेपाळी कामगार असतात. फळ धरल्यापासून पेटी भरेपर्यंत ते बागेतल्या खोपटात राहतात आणि त्यांच्यासोबत असा एखादा कुत्रा असतो. वानरं आली की हाच आधी उठतो, चोराची चाहूलही यालाच आधी लागते. तीन-चार महिने त्याला भात-आमटी मिळते. जूनमध्ये हंगाम संपला की कामगार आपल्या गावी जातात आणि कुत्रा रिकाम्या खोपटापाशी उरतो. पावसाळाभर तो काय खातो, याचा विचार आमच्यापैकी कुणी कधी केलेला नव्हता. पुढच्या हंगामात तो दिसला तर दिसला, नाही तर दुसरा येई.

भाऊ ईदच्या दोन दिवस आधी आला. ईदच्या दुपारी भाच्याला घेऊन बागेत गेला. तिथे त्याने त्याला सांगितलं, "ही तुझी ईदी. मोत्याची लस, औषध, निर्बीजीकरण, वर्षाचं खाणं, सगळा खर्च माझा. सांभाळायचं तू. बागेची राखण करतो तो, म्हणजे तुझ्या दादीचीही हरकत नाही." सासूबाईंची परवानगी त्याने आधी घेतली होती. त्या म्हणाल्या होत्या, "बागेत ठेवा, दारात नको. आणि उपाशी ठेवू नका."

भाच्याचं तोंड पडलं. त्याच्या मनात पिवळ्या, गुबगुबीत, मोबाइलमधल्या पिल्लाचं चित्र होतं. त्याला मामूच्या बेताचा सुगावा कसा लागला, अल्लाह जाणे. तो म्हणाला, "मोत्या तर आहेच. ती काय ईदी?"

या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. भावाने त्याला पाचशेची नोटही दिली आणि विषय संपला असं वाटलं. संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, "बाजी, पिल्लू आणलं असतं तर आज त्याचा चेहरा बघायला मिळाला असता." त्याला वाईट वाटलं होतं आणि ते मला कळत होतं. दोन वर्षांनी एकदा येणाऱ्या माणसाला तो एक चेहराच तर न्यायचा असतो.

पुढचं सावकाश घडलं. लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणासाठी पशुवैद्यक गावात आले तेव्हा आपाने त्यांना विनंती केली. मोत्याला धरायला चार माणसं लागली. त्यात भाचा होता. मोत्याचं तोंड त्याने भाताच्या डब्यात गुंतवून ठेवलं आणि रेबीजची सुई टोचली गेली. डॉक्टरांनी त्याच्याच नावाने कार्ड करून दिलं: जनावराचं नाव मोत्या, पालकाच्या रकान्यात भाच्याचं नाव. ते कार्ड त्याने दप्तरात ठेवलं आणि शाळेत सगळ्यांना दाखवलं. मे महिन्यात आम्ही रिक्षा करून मोत्याला तालुक्याला नेलं आणि निर्बीजीकरण करून आणलं. जूनमध्ये नेपाळी कामगार गेले. खोपटाला भाच्याने नि शेजारच्या दोन मुलांनी मिळून दार बसवलं, रात्री मोत्याला आत घेऊन बाहेरून आडणा लावायला. सकाळी शाळेच्या आधी तो दार उघडतो, संध्याकाळी भात आणि सुकटीचं कालवण नेतो. हात कसे धुवायचे, बागेतले कपडे वेगळे कसे ठेवायचे, हे दादीनेच त्याला शिकवलं.

जुलैत आठवडाभर पावसाने उसंत दिली नाही तेव्हा आपाच डोक्यावर इरलं घेऊन बागेत जात होती. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, शेवटी मीच जाणार. पण हे मी हो म्हणून घेतलंय. कुणी माझ्या गळ्यात बांधलेलं नाही." मोबाइल सुटला का, असं वाचक विचारतील. नाही सुटला. मोत्याचे व्हिडिओ काढायला तो आता बागेत नेतो. भाऊ कुवेतहून ते बघतो आणि दर जुम्म्याला पहिला प्रश्न मोत्याचा विचारतो.

हजरत अनस (रजि.) यांच्या एका लहान भावाची आठवण इथे येते. अबू उमैर त्याचं टोपणनाव. त्याच्याकडे एक चिमुकला पक्षी होता. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्यांच्या घरी गेले की त्या मुलाला हसत-खेळत त्याच्या पक्ष्याबद्दल विचारत. पुढे तो पक्षी मेला आणि मूल खिन्न झालं, तेव्हाही त्यांनी त्याची विचारपूस केली. उम्मतची जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर, त्यांना एका मुलाचा पक्षी लक्षात होता. ही हदीस वाचली की मला ईदीत प्राणी देणारे आपण मोठे लोक आठवतो. दिल्यानंतर किती वेळा विचारतो आपण?

हा प्रश्न फक्त आपला नाही. ब्रिटनमध्ये ख्रिसमसला मुलांना कुत्र्याची पिल्लं भेट देण्याची रीत होती आणि सण सरला की त्यातली कितीतरी रस्त्यावर येत. तिथल्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने 1978 मध्ये लोकांना आठवण करून देणारं एक घोषवाक्य तयार केलं: कुत्रा सणापुरता नसतो, तो जन्माचा असतो, अशा अर्थाचं. ते वाक्य आजही तिथे वापरात आहे, यावरून तो प्रश्न किती चिवट आहे ते कळतं.

"कुत्र्याचं जाऊ द्या, मांजर तर आपल्याकडे चालतं ना?" असं एका आईने मला पालकसभेत विचारलं. चालतं. मांजर नापाक नाही, ते आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, असं हदीसमध्येच आलं आहे. पण नीट सांभाळलेलं मांजरही बारा-पंधरा वर्षं जगतं. लांब केसांच्या पर्शियन मांजराचे केस रोज विंचरावे लागतात, नाही तर त्याच्या जटा होतात. मादी सहा महिन्यांच्या आतबाहेर गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. निर्बीजीकरण केलं नाही तर वर्षभरात एकाची पाच होतात आणि मग ती पोत्यात भरून मासळी बाजारात सोडली जातात. रेबीजची लस मांजरालाही लागते. कुत्रं असो वा मांजर, चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत हवी: मांजराला ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. त्याच्यासाठी ती विष आहे.

रस्त्यावर मिळणाऱ्या हिरव्या-गुलाबी रंगवलेल्या कोंबडीच्या पिल्लांबद्दल तर काय बोलावं? अंडी देणाऱ्या जातीतली नर पिल्लं उबवणी केंद्रांना नको असतात, तीच बरीचशी अशी रंगवून विकली जातात. पहिल्या आठवड्यात त्यांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पुठ्ठ्याच्या खोक्यात ती दोन-तीन दिवसांत माना टाकतात आणि मूल मरण पहिल्यांदा पाहतं ते असं. पोपटाचं म्हणाल तर आपल्याकडचा हिरवा पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. ईदीच्या नावाखाली मुलाच्या हातात आपण गुन्हा देतो आणि एका पाखराला कैद.

कायदा पाळीव जनावरांबाबतही बोलतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत सोडून देणं गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीला विनाकारण बांधून ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हेही. 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान कुत्र्याचं पिल्लू विकता येत नाही. तरी बाजारात डोळे जेमतेम उघडलेली पिल्लं विकायला असतात, कारण लहान पिल्लू जास्त गोंडस दिसतं आणि सणाच्या तोंडावर घेणारा घाईत असतो.

म्हणून माझ्या भगिनींना आणि त्यांच्या परदेशातल्या, मुंबईतल्या भावांना मी एवढंच सांगेन. मुलांना प्राण्यांपासून तोडू नका. ज्या मुलाने एका मुक्या जिवाची भूक ओळखली ते माणसाचीही ओळखतं. पण ईदीत जीव द्यायचा असेल तर चांदरातीला पिशवीतून काढून हातात ठेवू नका. त्या घरातल्या बाईला आधी, एकटीला विचारा. चारचौघांत आणि मुलासमोर विचारलं तर तिला नाही म्हणता येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुणाला दमा आहे का, घर भाड्याचं आहे का, मे महिन्यात सगळे गावी गेले तर त्या जिवाला कोण बघणार, हे विचारा. मुलाचं वय आणि त्या प्राण्याचं आयुष्य शेजारी शेजारी मांडून बेरीज करा. सण उरकल्यावर, घर नेहमीसारखं शांत झालं की मग आणा. ईदच्या गर्दीत, गोडाधोडाच्या वासात, वीस मुलांच्या हातांतून फिरताना पिल्लू घाबरून आजारी पडतं.

आणि इतकं करून 'नाही' उत्तर आलं, तर राग मानू नका. गल्लीतल्या कुत्र्याची लस, गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचं भांडं, मुलासोबत एक दिवस गुरांच्या दवाखान्यात, हेही देता येतं. 'हो' आलं, तर दर महिन्याला फोन करून आधी त्या जिवाची चौकशी करा. लसीची तारीख तुमच्याही डायरीत लिहून ठेवा, आणि कधी त्या घराला खरोखरच सांभाळणं अशक्य झालं तर तो जीव परत घ्यायची तयारी आज, पैसे देण्याआधी, स्वतःशी पक्की करा. ती तयारी नसेल तर सायकल घ्या. सायकल पावसात गंजली तर कुणाला जाब द्यावा लागत नाही.